जुनी आरव्ही विकताना मागायचे किती? भाव सांगणाऱ्या सेवांची झाडाझडती

अमेरिकेत वापरलेली आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, विकायला काढणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक आकडा आधीच ठाण मांडून बसलेला असतो: घेतली कितीला आणि वर घातले किती. खरेदीदाराला या दोन्हींशी काडीचे देणेघेणे नसते. असलीच गाडी दोनशे मैलांवर कितीला मिळते आणि आपली बँक किंवा क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था) कर्ज किती देते, एवढेच तो पाहतो. म्हणून इथे प्रत्येक सेवा एकाच कसोटीवर घासली आहे. तिने दिलेला आकडा घेऊन घराबाहेर गाडी उभी केली, तर ती विकली जाईल का?

आधी बाजाराचा अंदाज घ्या. करोनाकाळात सगळेच आरव्हीच्या मागे लागले. आरव्ही इंडस्ट्री असोसिएशनच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये कारखान्यांतून ६,००,२४० गाड्या बाहेर पडल्या, तो विक्रम. २०२३ मध्ये हाच आकडा ३,१३,१७४ वर आला. त्या करोनाकाळात छापील किमतीला, प्रसंगी वर पैसे मोजून घेतलेल्या गाड्या आता दुसऱ्या हाताच्या बाजारात आहेत. न्यू जर्सीतले एडिसन असो वा कॅलिफोर्नियातले फ्रीमाँट, त्या लाटेत ट्रेलर घेतलेल्या आपल्या मंडळींची अडचणही हीच आहे: कर्ज जास्त, भाव कमी.

पहिली सेवा जे. डी. पॉवरच्या भावपत्रकाची, जिला जुने लोक अजूनही ‘नाडा’ म्हणतात. संकेतस्थळ फुकट आहे. गाडीचा प्रकार निवडायचा, मग वर्ष, कंपनी, मॉडेल, आणि शेवटी जादा सोयींच्या यादीत खुणा करायच्या. समोर तीन आकडे येतात: मूळ छापील किंमत, लो रिटेल आणि अॅव्हरेज रिटेल. छापील किंमत लगेच विसरा. अॅव्हरेज रिटेल म्हणजे स्वच्छ, रंग चकचकीत, रबर-प्लास्टिक शाबूत, डोळ्यात भरणारा दोष नसलेली गाडी. लो रिटेल म्हणजे घेणाऱ्याला वरून खर्च करावा लागेल अशी. दहापैकी नऊ मालक आपली गाडी पहिल्या गटात धरतात. प्रत्यक्षात सात-आठ वर्षांची, उन्हात उभी राहिलेली गाडी या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी बसते.

इथे तीन ठिकाणी घोळ होतो. एक, वर्ष. मोटरहोमची (स्वतःच्या इंजिनवर चालणाऱ्या आरव्हीची) सांगाडा-गाडी, म्हणजे चॅसी, फोर्ड किंवा शेव्हरोलेसारख्या कंपनीकडून येते आणि घर दुसरी कंपनी बांधते, त्यामुळे चॅसी २०१७ ची आणि मॉडेल २०१८ चे, हे नेहमीचेच. व्हिआयएनचे (गाडीच्या ओळख क्रमांकाचे) दहावे अक्षर चॅसीचे वर्ष सांगते. तुम्हाला हवे घराचे मॉडेल-वर्ष, जे बांधणाऱ्या कंपनीच्या पाटीवर असते. टायटलवर (मालकीच्या कागदावर) कोणते वर्ष छापले आहे तेही पाहून ठेवा, कारण खरेदीदाराची बँक तेच वाचणार. दोन, मॉडेल क्रमांकातली अक्षरे. एकाच मालिकेत २६ फुटी आणि ३१ फुटी गाड्या असतात आणि एका अक्षराने भाव काही हजारांनी हलतो. तीन, खुणा. एसी, ऑनिंग (बाहेर ताणायचे छत), जनरेटर ही त्या मॉडेलची मूळ सामग्री असेल तर ती आधीच हिशेबात धरलेली आहे. पुन्हा खूण केली की आकडा फुगतो आणि तुमचीच फसगत होते.

मग या पत्रकाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, कारण कर्ज देणारे बहुधा हेच पत्रक उघडतात. ‘पत्रकातल्या किमतीच्या इतके टक्के’ अशी त्यांची मर्यादा असते. तुम्ही त्याच्या वर मागितले तर वरची सगळी रक्कम खरेदीदाराला खिशातून द्यावी लागते, आणि त्याचा विचार तिथेच बदलतो. शिवाय दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला अनेक ठिकाणी कर्जच मिळत नाही. काही आरव्ही पार्कही दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना जागा नाकारतात. दहाव्या वाढदिवसाच्या आधीचा वसंत ऋतू विकायला बरा, तो यासाठी. भावाची वरची मर्यादा म्हणून हे पत्रक पाचपैकी चार गुणांचे. मागायचा भाव म्हणून दोनच, कारण त्याला तुमच्या गाडीचे छप्पर दिसत नाही.

दुसरी सेवा, आरव्ही ट्रेडर हे जाहिरातींचे संकेतस्थळ. जाहिराती सगळ्यात जास्त इथेच, पण दिसतो तो मागितलेला भाव. सौदा कितीला झाला ते कुणी सांगत नाही. तरीही नीट वापरली तर ही जागा सोन्यासारखी आहे. तेच मॉडेल, एक वर्ष इकडे-तिकडे, पाचशे मैलांच्या आत, अशा आठ-दहा जाहिराती काढा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त सोडून द्या. उरलेल्यांची नोंद एका वहीत करा: भाव, मैल, डीलर की मालक, तारीख. मग दर चार दिवसांनी त्याच जाहिराती पुन्हा उघडा. जी दोन आठवड्यांत गायब झाली तिचा शेवटचा भाव खऱ्या सौद्याच्या जवळ जातो. जी अडीच महिने तिथेच लोळते आहे तिचा भाव म्हणजे मालकाचे स्वप्न. नवशिके नेमके त्या लोळणाऱ्या जाहिराती पाहून आपला भाव ठरवतात, कारण त्याच संख्येने जास्त दिसतात.

डीलरचा भाव जसाच्या तसा उचलू नका. तो कर्ज लावून देतो, जुनी गाडी घेतो, थोडीफार वॉरंटीही विकतो. तुम्ही यातले काहीच देत नाही. त्यामुळे त्याच अवस्थेतल्या गाडीसाठी मालकाचा भाव डीलरच्या खाली असावाच लागतो. एकूण गुण साडेतीन, तेही वही हातात असेल तर.

तिसरी जागा फारशी कुणाला माहीत नसते. ह्यूस्टनचे पीपीएल मोटर होम्स १९७२ पासून मालकांच्या गाड्या कमिशनवर विकत आले आहे, आणि विकल्या गेलेल्या गाड्यांचे प्रत्यक्ष भाव जाहीर करण्याची त्यांची पद्धत आहे. या धंद्यात सौद्याचा खरा आकडा उघड्यावर मिळणे दुर्मीळ, म्हणून हे सगळ्यात मोलाचे. मर्यादा दोन. भाव टेक्सासचा आहे, बर्फाळ मिनेसोटाचा नव्हे. आणि क्लास बीसारख्या (व्हॅनमध्येच घर बांधलेल्या) प्रकारात तुमच्या मॉडेलची नोंद सापडेलच असे नाही. ईबेवर ‘विकले गेलेले’ हा गाळणीचा पर्याय आहे, पण तिथली शेवटची बोली आणि प्रत्यक्ष पैसे यांत बरेचदा अंतर पडते. बोली जिंकून गायब होणारे महाभाग कमी नाहीत. फेसबुक मार्केटप्लेस भाव ठरवायला निरुपयोगी, गिऱ्हाईक मिळवायला उत्तम. ‘अजून आहे का?’ एवढेच लिहून पसार होणारे धरूनही.

आता छपरावर चढायची वेळ. वरचे सगळे आकडे चांगल्या अवस्थेतल्या गाडीचे आहेत, आणि आरव्हीची अवस्था म्हणजे ऐंशी टक्के पाण्याची गोष्ट. छपरावर बहुधा रबराचे किंवा प्लास्टिकचे पातळ आवरण असते, ईपीडीएम किंवा टीपीओ. त्यातून हवेचे झरोके, एसी, अँटेना, गटाराच्या नळ्या बाहेर येतात आणि प्रत्येक कडेला सीलंट (फट बुजवणारा लेप) भरलेले असते. उन्हाने ते वाळून तडकते. तडा केसाएवढा असला तरी पाणी आत जाते, आणि बाहेरून वर्षभर काही कळत नाही. क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली मोटरहोम) असेल तर त्या बिछान्याची गादी उचला आणि पुढचे दोन्ही कोपरे अंगठ्याने दाबा. लाकूड दबले, पिवळा डाग दिसला किंवा कुबट वास आला, तर पाणी तिथे मुरलेले आहे. फायबरग्लासच्या बाजू संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एका टोकाकडून पाहा. फुगवटा दिसला तर आतला थर सुटला आहे. याला डीलॅमिनेशन म्हणतात आणि ते दुरुस्त करायला गाडीच्या किमतीचा मोठा लचका लागतो. अशा गाडीचा भाव लो रिटेलच्याही खालून सुरू होतो. पॉलिश मारून ते झाकता येत नाही, कारण जाणता खरेदीदार ओलावा मोजायचे यंत्र घेऊनच येतो. लाकडात वीस टक्क्यांच्या वर आकडा दिसला की तो हात झटकून निघून जातो.

तडे आहेत पण पाणी आत गेलेले नाही, असे असेल तर ते आधीच भरून घ्या. त्याच छपराला चालणारे, स्वतःहून पसरणारे डायकॉरचे सीलंट घ्यायचे, जुना सुटलेला भाग खरवडायचा, अल्कोहोलने पुसायचे, मग भरायचे. साधा सिलिकॉन लावू नका. तो रबराला नीट धरत नाही आणि नंतर त्याच्यावर दुसरे काही चिकटत नाही. चार-सहा नळ्या आणि एक शनिवार. शंभर डॉलरच्या कामाने हजार-दीड हजाराची घासाघीस टळते. छपराचे तारखेसह फोटो जाहिरातीत टाका. बहुतेक विक्रेते सोफ्याचे दहा फोटो टाकतात आणि छपराचा एकही नाही.

दुसरी तपासणी टायरची. नक्षी कितीही खोल असो, आरव्हीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. ‘३६१८’ म्हणजे २०१८ चा छत्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षे उलटली की खरेदीदार नव्या संचाचे पैसे कापतोच. क्लास सीला सहा टायर लागतात, बसवण्यासकट साधारण बाराशे ते दीड हजार डॉलर. क्लास ए (बससारख्या मोठ्या) डिझेलला याच्या कितीतरी पट. टायर बदलून मग विकावे का? शक्यतो नको. घातलेला पैसा पुरता वसूल होत नाही, आणि खरेदीदाराला आपल्या पसंतीचे टायर हवे असतात. तारीख जाहिरातीत लिहा आणि ती रक्कम भावातून वजा करा.

बाकीच्यांवरून झरझर जाऊ. गॅस-विजेवर चालणारा अॅब्सॉर्प्शन फ्रिज गार व्हायला तास न् तास घेतो, म्हणून गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करून ठेवा. कोमट फ्रिज म्हणजे त्याच्या लेखी बंद फ्रिज, आणि मग तो दोन हजार कापतो. जनरेटरचे तास फार कमी असणे ही कौतुकाची गोष्ट नव्हे. पडून राहिलेल्या पेट्रोल जनरेटरचा कार्बोरेटर चिकटतो. त्याच्यावर एसी लावून अर्धा तास चालवून दाखवा. सरकती बाजू (गाडी उभी असताना बाहेर सरकून जागा वाढवणारी) दोन्ही टोकांपर्यंत काढून-घालून दाखवा. डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेली मोटरहोम) असेल तर इंजिन तेलाचा प्रयोगशाळेचा अहवाल आधीच हातात असलेला बरा. सोलर, लिथियम बॅटऱ्या, महागडा स्टिरिओ यांचे काय? हौसेला मोल नसते हे खरे, पण ते विकतानाही नसते. तीन हजारांच्या लिथियम संचाचे भावात फारतर तिसरा हिस्सा धरा. त्याने गाडी लवकर विकली जाते, महाग नाही.

आता हे सगळे एका हिशेबात बसवू. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. समजा ३१ फुटी क्लास सी, पत्रकात अॅव्हरेज ५२,००० आणि लो ४४,००० डॉलर. वहीतल्या गायब झालेल्या जाहिराती आणि विक्रीच्या नोंदी मिळून चांगल्या अवस्थेचा भाव ४८,००० च्या आसपास. टायर म्हातारे, वजा १,५००. गाडीच्या राहत्या भागातल्या दोन साध्या बॅटऱ्या मेलेल्या, वजा ४००. राहिले ४६,१००, हा अपेक्षित सौदा. घासाघिशीसाठी वर चार-पाच टक्के ठेवायचे, म्हणजे मागणी ४७,९००. मनातला तळ ४५,५००. तळ कागदावर लिहून ठेवा, कारण दारात रोख घेऊन उभा असलेला माणूस पाहिला की तो आपोआप सरकतो.

घासाघिशीसाठी पंधरा टक्के वर ठेवणे आपल्याकडच्या सवयीने बरोबर वाटते, पण इथे ते उलटते. खरेदीदार शोधताना वरची मर्यादा टाकतो: २५,०००, ५०,०००, ७५,०००. तुम्ही ५३,००० लिहिले की पन्नासच्या आत शोधणाऱ्याला तुमची गाडी दिसतच नाही. घासाघीस करायला माणूस आधी दारात यावा लागतो.

पहिले दोन आठवडे बोलतात, ते ऐका. एकही फोन नाही, तर भाव चुकला आहे. फोन येतात पण पाहायला कुणी येत नाही, तर फोटो किंवा माहिती अपुरी. येतात, पाहतात आणि काही न बोलता जातात, तर गाडी जाहिरातीपेक्षा वाईट आहे. भाव उतरवायचा तर एकदाच तीन-चार टक्क्यांनी उतरवा. दर रविवारी दोनशे-दोनशे कमी करणे म्हणजे अडला आहे असे ओरडून सांगणे. वेळही पाहा. उत्तरेकडच्या राज्यांत फेब्रुवारीअखेर ते मे हा हंगाम. ऑक्टोबरनंतर गाडीच्या नळ्यांत अँटीफ्रीझ असते, पाणी चालवून दाखवता येत नाही, आणि खरेदीदार त्या अंधारात उडी मारण्याचे वेगळे पैसे कापतो. अॅरिझोना-फ्लोरिडात नेमके उलट, तिथे थंडीतच गिऱ्हाईक उतरते. ट्रेलर असेल तर वजनही भावात येते. साध्या अर्ध-टनी पिकअपने ओढता येणाऱ्या ट्रेलरला गिऱ्हाईक जास्त, जड ट्रेलरला मोजके.

डीलरची रोख ऑफर ही चौथी सेवा. आकडा ऐकून संताप येतो, पण तो घाऊक भाव आहे, त्यात अपमान नाही. ऑफर फुकट मिळते, दोन-तीन आणून ठेवा, तळ ठरवायला उपयोगी पडतात. मात्र तुम्ही त्याच डीलरकडून दुसरी गाडी घेणार असाल तर हिशेब बदलतो. टेक्सासमध्ये वाहन विक्री कर ६.२५ टक्के आहे आणि बदल्यात दिलेल्या गाडीची किंमत कर लागणाऱ्या रकमेतून वजा होते. डीलरने ४०,००० दिले तर कराचे २,५०० वाचतात, म्हणजे ऑफर खरी ४२,५०० ची. कॅलिफोर्नियात ही वजावट मिळत नाही, त्यामुळे तीच ऑफर तिथे ४०,०००च.

कमिशनवर विकून देणारे डीलर म्हणजे मधला मार्ग. साधारण दहा टक्के घेतात, लहान गाडीला किमान ठराविक रक्कम. ४६,००० च्या सौद्यात ४,६०० गेले. बदल्यात फोन, अनोळखी माणसे, कर्जाचे कागद सगळे त्यांच्या डोक्यावर. पूर्णवेळ नोकरी आणि लहान मुले असणाऱ्याला हा सौदा वाईट नाही. करारात पाहायचे ते असे: मुदत किती, साठ दिवस की नव्वद; लॉटवर (डीलरच्या आवारात) गारपीट झाली तर विमा कुणाचा; धुणे-दुरुस्तीचे पैसे तुमच्या परवानगीशिवाय कापणार का; विक्रीनंतर किती दिवसांत धनादेश. ‘तुमच्या हाती इतके, वरचे आमचे’ असा करार असेल तर सौद्याचा खरा आकडा दाखवायची अट घालून घ्या, नाहीतर पाच हजारांचा फरक तुमच्या कानावरही येणार नाही.

आणि कर्ज. ८०,००० डॉलर, सात टक्के, पंधरा वर्षे असे कर्ज असेल तर हप्ता ७१९ च्या आसपास. तीन वर्षांत २५,९०० भरूनही मुद्दल सुमारे ६९,९०० उरते. बाजार ५५,००० म्हणत असेल तर विकण्यासाठी जवळपास पंधरा हजार घरातून घालावे लागतील. ते जमवण्यासाठी मागणी सत्तर हजार ठेवणे व्यर्थ आहे. त्याने गाडी उभी राहते, आणि उभी आरव्ही विमा, पार्किंग, टायर आणि सीलंट यांत दरमहा पैसे खात राहते. बँकेकडून दहा दिवसांपुरते वैध असे पे-ऑफचे (कर्ज पुरते फेडायला लागणाऱ्या रकमेचे) पत्र मागा, टायटल कागदी आहे की इलेक्ट्रॉनिक आणि ते सुटायला किती दिवस लागतील हे विचारा, आणि ही मुदत जाहिरातीतच लिहा. लीन (कर्जाचा बोजा) असलेली गाडी बिनधास्त घेणारे थोडे, पण कागद तयार दिसले की तेही घेतात.

पैसे घेताना खरेदीदाराच्या बँकेच्या शाखेत भेटा आणि कॅशियर चेक (बँकेने स्वतःच्या नावावर काढलेला धनादेश) तुमच्यासमोर बनवून घ्या. मागणीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘वरचे पैसे वाहतूकवाल्याला द्या’ म्हणणारा, किंवा फोनवर आलेला कोड विचारणारा, हमखास ठग असतो. टायटलवर सही चेक हातात आल्यावर, आधी नाही. नंबरप्लेट गाडीबरोबर जाते की तुमच्याकडे राहते हे राज्यागणिक बदलते, आणि विक्रीची सूचना मोटर वाहन खात्याला त्याच दिवशी द्यावी, नाहीतर नव्या मालकाचे टोलचे बिल तुमच्या पत्त्यावर येते.